बीजशब्द आणि पुनरुक्ती : शोधयंत्राभिमुख मराठी गद्याचे परीक्षण

१

मराठी गद्याचा एक नवा प्रकार गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. ग्रंथकार व पत्रकार यांच्या लेखनाहून तो निराळा असून त्याचा पहिला वाचक मनुष्य नसतो, तर शोधयंत्र असते. जिज्ञासू माणूस शोधयंत्राला दोन-चार शब्द देतो आणि ते शब्द ज्या पृष्ठांत सार्थपणे आले असतील अशी पृष्ठे यंत्र त्याच्यापुढे क्रमाने मांडते. आपले पृष्ठ त्या क्रमात वर असावे ही लेखकाची अपेक्षा स्वाभाविक आहे. मात्र या अपेक्षेतून एक लेखनसंप्रदाय निर्माण झाला. वाचक जे शब्द विचारील ते आधी हेरावेत, आणि लेखात ठरावीक प्रमाणात पुनःपुन्हा पेरावेत, असा या संप्रदायाचा दंडक आहे. या शब्दांना ‘कीवर्ड’ असे नाव असून मराठीत ‘कळीचा शब्द’ किंवा ‘बीजशब्द’ असे पर्याय आढळतात. प्रस्तुत लेखात ‘बीजशब्द’ हा पर्याय स्वीकारला आहे.

‘बीजशब्द’ या संज्ञेला दोन भिन्न परंपरांत दोन अर्थ आहेत. रेमंड विल्यम्स यांनी १९७६ च्या आपल्या ‘कीवर्ड्‌स’ या ग्रंथात ज्या शब्दांची चिकित्सा केली, ते समाजाच्या विचारविश्वात ज्यांच्या अर्थाविषयी सतत वाद होतो असे शब्द होत. ग्रंथसूची व माहितीशोध यांच्या परंपरेत मात्र लेखाचा विषय दुसऱ्याला सापडावा म्हणून त्यावर लावलेली खूण एवढाच त्याचा अर्थ. येथे विचार आहे तो या दुसऱ्या अर्थाचा. ही खूण लेखाच्या अंगावरच गोंदली गेली, आणि एकदा नव्हे तर शंभरदा गोंदली गेली, म्हणजे भाषेचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बीजशब्द लेखात असावेत की नसावेत, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. ज्या विषयावर लिहावयाचे त्याचे नावच लेखात येऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. बीजशब्दाची योग्यता त्याच्या संख्येवर अवलंबून आहे की स्थानावर व संबंधावर, हे येथे तपासावयाचे आहे.

२

शब्दाच्या वारंवारतेवरून लेखाचा विषय ओळखता येतो, ही कल्पना व्यापाऱ्यांची नाही. ती संशोधकांची आहे. आय. बी. एम. या संस्थेतील हान्स पीटर लून यांनी १९५७ व १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ती प्रथम व्यवस्थितपणे मांडली गेली. एखाद्या लेखात एखादा शब्द किती वेळा येतो यावरून त्याचे महत्त्व यंत्राला अजमावता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु लून यांच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग पुढे सोयीस्करपणे विसरला गेला. अत्यंत विरळ शब्दांप्रमाणेच अत्यंत वारंवार येणारे शब्दही विषय दाखविण्यास असमर्थ असतात, आणि विषयसूचक शब्द या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात सापडतात, असे त्यांनी म्हटले होते. म्हणजे ज्या सिद्धान्ताचा आधार घेऊन शब्दांची भरताड केली जाते, त्याच सिद्धान्तात त्या भरताडीचा निषेध अंतर्भूत होता.

१९७२ साली कॅरन स्पार्क जोन्स यांनी या विचाराला आणखी एक परिमाण दिले. शब्दाचे मोल केवळ एका लेखातील त्याच्या संख्येवर ठरत नाही. एकूण संग्रहातील किती लेखांत तो येतो यावरही ते ठरते. जो शब्द सर्वत्र आढळतो तो कोणताच लेख दुसऱ्यापासून निराळा करू शकत नाही. पुढे १९९४ च्या सुमारास लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन व त्यांचे सहकारी यांनी ‘बी. एम. २५’ या नावाने प्रसिद्ध झालेले सूत्र सिद्ध केले. त्या सूत्रातील एक गुण येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. शब्दाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीने त्याच्या वजनात पडणारी भर उत्तरोत्तर घटत जाते. सूत्रातील नियामक अंक १.२ हा नेहमीचा धरला आणि लेखाची लांबी सरासरीइतकी मानली, तर शब्द एकदा आला असता त्याचे वजन १ होते. दोनदा आला तर १.३८, पाच वेळा आला तर १.७७, दहा वेळा आला तर १.९६. तो हजार वेळा आला तरी २.२ ही मर्यादा ओलांडली जात नाही. म्हणजे पहिल्या उच्चाराने जे साधते त्याच्या दुप्पटही पुढच्या नऊ उच्चारांनी साधत नाही. शिवाय अशा भरतीने लेख लांबला, तर त्या लांबीचाही भुर्दंड हे सूत्र वसूल करते.

व्यापारी शोधयंत्रांचे संपूर्ण गणित प्रसिद्ध नसले, तरी त्यांच्या धोरणाची दिशा जाहीर आहे. पृष्ठाच्या अदृश्य भागात बीजशब्दांची यादी देण्याची जी प्रथा होती, तिचा आपण क्रमवारीसाठी उपयोग करीत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. त्यापूर्वी फेब्रुवारी २००६ मध्ये बी. एम. डब्ल्यू. या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ त्याच शोधयंत्राने आपल्या अनुक्रमणिकेतून काही काळ वगळले होते. यंत्रासाठी शब्दभारित पृष्ठ आणि वाचकासाठी निराळे पृष्ठ, असा दुहेरी व्यवहार तेथे आढळला होता. निकृष्ट मजकुराला मागे सारणारा एक मोठा बदल २०११ साली झाला. आणि २०१९ साली वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंध लक्षात घेणारी भाषाप्रतिमाने शोधकार्यात आली. बीजशब्दांची भरताड ही आज शोधयंत्रांच्या नियमांत उघडउघड दोष म्हणून नोंदलेली आहे.

ज्या यंत्राला प्रसन्न करण्यासाठी हा खटाटोप होतो, त्या यंत्रालाच तो मान्य नाही, असा याचा निष्कर्ष निघतो. परंतु केवळ यंत्राच्या नापसंतीवर हे परीक्षण थांबविणे युक्त होणार नाही. यंत्राचे नियम उद्या बदलतील. भाषेची झालेली हानी मात्र राहील.

३

आता प्रत्यक्ष गद्याकडे वळावयाचे. पुढील उतारा या संप्रदायाचा नमुना म्हणून मुद्दाम रचलेला आहे. तथापि अशा लेखनाशी परिचित असलेल्यास तो ओळखीचा वाटेल :

‘कांदा साठवणूक ही शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. उत्तम कांदा साठवणूक कशी करावी, कांदा साठवणूक पद्धती कोणत्या आणि कांदा साठवणूक नाशिक मध्ये कशी होते, हे या कांदा साठवणूक माहितीमध्ये पाहू.’

या उताऱ्यातील २८ शब्दांपैकी १० शब्द एकाच जोडीच्या पाच आवृत्त्यांनी व्यापले आहेत. इतके करून शेतकऱ्याच्या पदरी काय पडते? साठवणूक महत्त्वाची आहे, एवढेच. आणि ते त्याला ठाऊक नसते तर त्याने शोधच केला नसता. याच्या शेजारी दुसरा उतारा ठेवून पाहावा :

‘उन्हाळी कांदा काढल्यावर पातीसह शेतातच सुकू द्यावा. मग थोडी मान राखून पात कापावी, आणि जोड, डेंगळे आलेले व इजा झालेले कांदे वेगळे काढून उरलेला माल सावलीत वाळवावा. चाळीत तो भरताना खालून व बाजूंनी वारा खेळता राहील असे पाहावे; कोंदट जागी सड लागते व मोड फुटतात.’

या उताऱ्यात ‘कांदा साठवणूक’ ही जोडी एकदाही आलेली नाही. ‘कांदा’ हा शब्द मूळ रूपात एकदा व अनेकवचनात एकदा, एवढाच येतो. तरीही विषय कोणता याविषयी वाचकाला तिळमात्र शंका उरत नाही. कारण पात, मान, जोड, डेंगळे, चाळ, सड, मोड हा सारा शब्दपरिवार त्या विषयाचाच आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा जे. आर. फर्थ यांचा १९५७ मधील विचार भाषाभ्यासकांना परिचित आहे. भाषाप्रतिमाने शब्दांच्या साहचर्यावरूनच शिकतात, हे ध्यानात घेता दुसरा उतारा यंत्रालाही अधिक बोलका वाटावा यात नवल नाही. विषयाचे ज्ञान असलेल्या लेखकाच्या हातून हा परिवार आपोआप उतरतो. ज्ञान नसलेल्याला तो उसना आणता येत नाही. म्हणून तो एकाच शब्दाची माळ ओढीत बसतो. नामस्मरणात आवृत्ती हेच साधन असते, परंतु शेतीविषयक लेख हे नामस्मरण नव्हे.

व्याकरणदृष्ट्या पाहता पहिल्या उताऱ्यात आणखी दोन दोष दिसतात. पहिला दोष सर्वनामाच्या लोपाचा. हॅलिडे व हसन यांनी १९७६ साली संहितेच्या सुसंबद्धतेची जी साधने वर्णिली, त्यांत सर्वनामादी संदर्भ व अध्याहार यांना प्रमुख स्थान आहे. एकदा सांगितलेली वस्तू पुढे ‘ती’ म्हणून येते किंवा मुळीच येत नाही, आणि त्या मौनातूनच ‘विषय तोच चालू आहे’ हे वाचकाला कळते. मराठीत तर क्रियापदाच्या रूपावरून कर्ता किंवा कर्म जाणवत असल्याने हे मौन अधिकच सुलभ आहे. नाम पुनःपुन्हा उच्चारले, म्हणजे प्रत्येक वाक्य जणू नव्याने विषयाची ओळख करून देत आहे असा भास होतो. वाक्ये एकापुढे एक उभी राहतात, पण परिच्छेद घडत नाही.

दुसरा दोष सामान्यरूपाच्या संकोचाचा, आणि तो विशेषेकरून मराठीचा आहे. शोधणारा माणूस यंत्राला विभक्तिहीन शब्द देतो : ‘पुणे घर भाडे’. माणसाने यंत्राशी असे तुटक बोलणे समजण्यासारखे आहे. परंतु लेखकाने ती तुटक जुळणी जशीच्या तशी वाक्यात बसवावयाची ठरविली, की ‘पुण्यात भाड्याने घर’ याऐवजी ‘पुणे मध्ये घर भाडे’ अशी रचना जन्मास येते. पुणे–पुण्यात, ठाणे–ठाण्याला, कोल्हापूर–कोल्हापुरातील हे विकार मराठीच्या नामव्यवस्थेचा कणा होत. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहावे ही लेखनातील साधी शिस्तही ‘नाशिक मध्ये’ या तुटलेल्या रूपात मोडली जाते, कारण जोडून लिहिल्यास बीजशब्द ‘शुद्ध’ राहणार नाही अशी भीती असते.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. ‘कांदाचाळ’, ‘घरभाडे’, ‘भातशेती’ असे समास मराठीत सिद्ध आहेत. तेव्हा दोन नामे विभक्तीवाचून जवळ येणे हाच दोष नव्हे. तसेच ‘लंडनमध्ये’ यासारख्या रूपांत परकी नामे मूळ स्वरूपात राहतात, हीही भाषेची सहज प्रवृत्तीच आहे. दोष आहे तो समासाला विकारच होऊ न देण्यात. ‘कांदा साठवणूक पद्धती माहिती’ अशी चार-चार नामांची रास रचली, म्हणजे कोणाचा कोणाशी काय संबंध, हे सांगणारे ‘च्या’, ‘ची’, ‘विषयी’ हे दुवे गळून पडतात. आणि ते गळाले की वाक्याचे पत्रक होते.

४

या टीकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि त्याची दखल घेतल्यावाचून निर्णय करणे न्याय्य होणार नाही. इंग्रजीसाठी विकसित झालेली साधने मराठीच्या रूपवैविध्याला तितक्याच सहजतेने सामोरी जातात असे गृहीत धरता येत नाही. ‘कांदा’, ‘कांदे’, ‘कांद्या-’, ‘कांद्यां-’ ही चार अंगे आणि त्यांना लागणारे प्रत्यय हे सर्व एकाच शब्दाचे आविष्कार आहेत, हे यंत्राला शिकवावे लागते. भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या परीक्षणासाठी २००८ साली सुरू झालेल्या ‘फायर’ या उपक्रमात मराठीचा समावेश झाला तो याच गरजेतून. ‘पुण्यात’ या रूपाचा प्रत्यय ढोबळपणे छाटला तर हाती ‘पुण्य’ येते. नगर शोधणारा वाचक धर्मशास्त्रात पोहोचावयाचा! लेखनभेदांची अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील रफाराचा अर्धा आकार संगणकात दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी साधता येतो. डोळ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात, पण यंत्राने ती जाणीवपूर्वक एकत्र केली नाहीत तर त्याच्या लेखी ते दोन शब्द असतात. अशा स्थितीत लेखकाने मूळ रूपाला घट्ट धरून राहावे यात चूक ती काय, असा हा आक्षेप आहे.

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करूनही त्याचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. मूळ रूप पृष्ठावर असावे, हे खरे. पण त्यासाठी ते वाक्यावाक्यात असण्याचे कारण नाही. शीर्षकात व उपशीर्षकांत नाम प्रथमेत येणे मराठीला अगदी स्वाभाविक आहे. तेथे ते ठेवले, आणि पुढील मजकुरात त्याला ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुणेकर’ असे मोकळे सोडले, तर मूळ रूपही राहते व विकारही राहतात. उलट विचारणारे सर्वजण एकाच रूपात विचारतात हेही खरे नाही. फर्नास, लँडाउअर, गोमेझ व ड्यूमे यांनी १९८७ साली दाखविले, की एकाच वस्तूसाठी दोन व्यक्तींनी उत्स्फूर्तपणे तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. एक ‘साठवणूक’ म्हणेल, दुसरा ‘कांदाचाळ’ म्हणेल, तिसरा ‘कांदा सडू नये म्हणून काय करावे’ असे विचारील. एकच जोडी पाच वेळा लिहिणारा लेखक या तिघांपैकी एकालाच भेटतो. विषय नीट उलगडणारा तिघांनाही भेटतो.

या विचारातून लेखकावर एक कर्तव्यही येते, आणि बीजशब्दांच्या संप्रदायाचे श्रेय तेवढ्यापुरते त्याला दिले पाहिजे. वाचक कोणता शब्द वापरतो याचा शोध घेण्याची सवय त्याने लावली. विद्वान लेखकाने ‘कंदसंग्रहण’ असा शब्द घडवून लेख लिहिला, तर तो शेतकऱ्याला कधीच सापडणार नाही. आणि तो दोष शेतकऱ्याचा नव्हे. लोकांच्या तोंडचा शब्द शोधणे हा लेखकाचा धर्मच आहे. तो शब्द सापडल्यावर त्याचा घोष करणे हा मात्र अधर्म.

५

पुनरुक्ती केव्हा दोष व केव्हा गुण, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेला नवा नाही. न्यायसूत्रांत पुनरुक्त हे निग्रहस्थान, म्हणजे वादातील पराभवाचे एक कारण, मानले आहे. मात्र सप्रयोजन पुनर्वचन, ज्याला अनुवाद म्हणतात, ते त्यातून वगळले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त कथितपद हा दोष सांगितला, आणि लाटानुप्रासासारख्या ठिकाणी, तसेच आधी विधान केलेल्या वस्तूचा पुढे पुन्हा निर्देश करावयाचा असता, तो दोष राहत नाही असेही सांगितले. हा अपवाद आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. पारिभाषिक शब्दाच्या बाबतीत पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘साठवणूक’, ‘संचय’, ‘भांडारण’ असे शब्द बदलीत गेल्यास वाचकाला त्या तीन निराळ्या क्रिया वाटतील. तेथे तोच शब्द पुन्हा आणणे हेच स्पष्टतेचे साधन होय. म्हणजे भरताड जितकी वाईट, तितकीच पर्यायशब्दांची हौसही वाईट.

याहून मार्मिक दिशा मीमांसा व वेदान्त यांतील तात्पर्यनिर्णयाच्या षड्‌लिंगांत सापडते. ग्रंथाचे तात्पर्य कोणते हे ठरविण्यासाठी सहा खुणा मानल्या गेल्या : उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतील अभ्यास म्हणजेच आवृत्ती. ती खूण आहे, हे प्राचीनांना मान्य होते. पण ती सहांतील एक आहे. लेख ज्याने सुरू होतो त्यानेच संपतो काय, अन्यत्र न मिळणारे काही त्यात आहे काय, वाचणाऱ्याला त्याचे फळ काय, आणि सांगितलेल्या गोष्टीला युक्तीचा आधार आहे काय, हे प्रश्नही तितकेच निर्णायक आहेत. प्राचीनांनी शोधयंत्राचे भाकीत केले होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘हा मजकूर खरोखर कशाविषयी आहे?’ हा प्रश्न माणसाने विचारला काय किंवा यंत्राने विचारला काय, त्याच्या उत्तरासाठी एकट्या आवृत्तीवर विसंबणे अपुरे पडते, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. बीजशब्दांच्या संप्रदायाने सहा लिंगांतील एकच उचलले आणि पाचांचा त्याग केला, हे त्याचे मूळ वैगुण्य होय.

६

प्रस्तुत विषयाचे महत्त्व व्यापारी लेखनापुरते मर्यादित नाही; भाषेच्या अभ्यासकाला त्याची झळ थेट पोहोचते. मराठीच्या वर्तमान स्थितीचा अभ्यास आज मोठ्या प्रमाणावर महाजालावरून गोळा केलेल्या संहितासंग्रहांच्या आधारे होऊ लागला आहे. महाजालाकडे भाषासंग्रह म्हणून पाहण्याच्या पद्धतीची चर्चा निदान २००३ पासून शास्त्रीय नियतकालिकांत चालू आहे. या संग्रहांत ‘पुणे मध्ये’ हे रूप विपुल आढळले, तर त्यावरून ‘मराठीतील सामान्यरूप क्षीण होत आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह एखाद्या विद्यार्थ्यास होईल. तो निष्कर्ष कदाचित खरा असेल, कदाचित नसेलही. पण त्या पुराव्यावरून तो काढता येणार नाही. ते रूप बोलणाऱ्याच्या तोंडून आलेले नसून, गावाचे नाव रिकाम्या जागी भरणाऱ्या साच्यातून आलेले असण्याचा संभव आहे. वारंवारतेची गणना करण्यापूर्वी ती वारंवारता कोणी व कशासाठी निर्माण केली, हे विचारणे यापुढे संशोधनपद्धतीचे अंग मानावे लागेल. भाषाप्रतिमानेही याच मजकुरावर पोसली जातात. तेव्हा आजचे साचेबंद गद्य हे उद्याच्या यंत्राचे मराठी व्हावयाचे, ही शंका निराधार म्हणता येणार नाही.

बीजशब्दाच्या उचित प्रयोगासाठी नवा नियमसंग्रह रचण्याची आवश्यकता नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली लोपाची : वाक्यातून बीजशब्द काढून टाकावा, अर्थ अबाधित राहिला तर तो तेथे अनावश्यक होता. दुसरी प्रतिस्थापनाची : त्याच्या जागी सर्वनाम ठेवावे, वाक्य अधिक सुबोध झाले तर तेथे सर्वनामच हवे होते. वर दिलेल्या पहिल्या उताऱ्याला या कसोट्या लावल्या, तर पाचांपैकी एकच आवृत्ती टिकते, आणि ती टिकल्यावर उताऱ्यात सांगण्यासारखे काहीच नव्हते हेही उघड होते. भरताडीचा खरा उपयोग हाच असतो; ती रितेपण झाकते.

म्हणून बीजशब्दाच्या नावातील ‘बीज’ या पदाचा अर्थ गांभीर्याने घ्यावा हे बरे. बी पेरावयाचे असते ते उगवावे म्हणून. आणि उगवल्यावर ते बी म्हणून दिसत नाही, पाने-फांद्यांच्या रूपाने दिसते. शीर्षकात एकदा, आरंभी एकदा, आणि विषयाला नवे वळण मिळेल तेथे पुन्हा, एवढी पेरणी कोणत्याही लेखाला पुरते. बाकीचे काम विभक्ती, सर्वनामे, विषयाचा शब्दपरिवार आणि लेखकाला असलेली विषयाची जाण यांचे आहे. पेरणीवर पेरणी करणाऱ्याच्या शेतात पीक दाट दिसते. पण कणीस भरत नाही.